मावळ्याचा हात वर करायचाय! : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या महिन्यात या पानावर मी लिहिलं होतं की दिवाळीच्या किल्ल्यावर दरवर्षी त्याच त्या साच्यातली चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, मांडण्यापेक्षा ग्रीन स्टफ, मिलिपुट किंवा एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी (दोन्ही भाग एकत्र मळले की कडक होते ती) आणा, आणि त्यांचे हात, मुंडाशी, शेले बदलून बघा, म्हणजे एकाच साच्यातले दहा मावळे दहा वेगळी माणसं वाटायला लागतील. त्यावर इतके प्रश्न आलेत की एकेकाला वेगळं लिहिणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे खरंच अडतं तिथे जरा सविस्तर लिहिलंय. नावं कुणाची छापत नाहीये, फक्त गाव किंवा पेठ.

ताई, मी आठवीत आहे. माझ्याकडे प्लास्टिकचे बारा मावळे आहेत, सगळ्यांचा उजवा हात खाली आणि हातात भाला. मला सिंहगडाची लढाई करायचीय, त्यामुळे एकाचा तरी हात तलवार उगारलेला पाहिजे. मी हात कापला आणि एम-सील लावून वर चिकटवला, पण सकाळी बघितलं तर हात खाली पडलेला. काय चुकलं?
(सदाशिव पेठ)

अरे, सगळ्यात अवघड काम म्हणजे चांगल्या चित्राला पहिल्यांदा करवत लावणं, ते तू करून बसलायस, आता मागे फिरायचं नाही. चुकलं एवढंच की तू पुट्टीला हाड समजलास. पुट्टी म्हणजे मांस, हाड आधी आत असायला पाहिजे आणि ते हाड म्हणजे तार. जुन्या वायरीतली तांब्याची एकेरी तार घे, साधारण एक मिलिमीटर जाडीची, ती वाकते पण आपोआप सरळ होत नाही. खांद्यात एक भोक आणि कापलेल्या हातात एक भोक, त्यासाठी हाताने फिरवायचा छोटा ड्रिल मिळतो, त्याला पिन वाइस म्हणतात, बोहरी आळीत विचारलंस तर कुठलाही हार्डवेअरवाला दाखवेल. भोक निदान चार-पाच मिलिमीटर आत जाऊ दे. तार घाल, फेविक्विकचा थेंब टाक, हात पाहिजे तसा वाकव आणि मग हे चित्र रात्रभर तसंच ठेव. पुट्टी दुसऱ्या दिवशी. हे रात्रभर ठेवणं कुणालाच आवडत नाही, पण सांगाडा हलत असताना पुट्टी लावलीस की ती आतून सुटते आणि बाहेरून कळतही नाही.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची. कापलेला एखादा बारीक तुकडा पाण्याच्या वाटीत टाकून बघ. तरंगला तर ते पॉलिथिलीनच्या जातीचं मऊ प्लास्टिक आहे आणि त्याला फेविक्विक, पुट्टी, रंग, काहीच धड धरत नाही. बुडाला तर पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीन, तिथे काम सोपं होतं. पूर्ण चित्र टाकून बघू नकोस हां, आतून पोकळ असेल तर ते कुठल्याही प्लास्टिकचं असलं तरी तरंगेल. तरंगणारं निघालं तर निराश व्हायचं नाही, फक्त चिकटण्यावर भरवसा ठेवायचा नाही, तारेवर ठेवायचा, आणि जिथे पुट्टी बसणार तिथे ब्लेडने आडव्या-उभ्या खोल चिरा मारायच्या म्हणजे पुट्टी त्या चिरांत शिरून अडकून बसते. आणि कुठलंही प्लास्टिक असो, आधी भांड्याच्या साबणाने घासून धुवायचं, कारण साच्यातून काढताना लावलेलं तेलकट काहीतरी त्याच्यावर असतं. ब्लेड आणि ड्रिल चालवताना घरातलं कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसू दे, हे मी वय बघून नाही म्हणत, मी सुद्धा मऊ प्लास्टिक कापताना ब्लेड माझ्याकडे ओढत नाही.

आता खरी मजा. हात वर केला की फक्त हात वर जात नाही. आरशासमोर उभा राहा, हातात फूटपट्टी धर आणि तलवार मारायला उगारतात तशी उगार. खांदा कानाकडे सरकतो, काखेतला कपडा वर ओढला जातो, त्या बाजूची बरगडी ताणते आणि दुसऱ्या बाजूची कंबर मोडते, मान पण जरा फिरते. तुझ्या मावळ्याचा नुसता हात वर आणि बाकी अंग शाळेच्या प्रार्थनेला उभं असल्यासारखं असेल तर तो कुणावर वार करतोय असं वाटणारच नाही. म्हणून खांद्यावर थोडी पुट्टी चढव, काखेपासून कमरेपर्यंत दोन-तीन ताणलेल्या चुण्या ओढ, आणि जमलं तर मान कापून दहा-पंधरा अंश फिरवून परत बसव.

तलवार पुट्टीची करू नकोस, मोडते. मोठी टाचणी किंवा तार हातोडीने ठोकून चपटी कर आणि कानशीने घास. माप असं काढ, तुझा मावळा अडीच इंची असेल तर तो खऱ्या माणसाच्या साधारण सव्वीसाव्या हिश्श्याचा झाला, म्हणजे तीन फुटी तलवार साडेतीन सेंटिमीटर. भाल्याला अगरबत्तीची काडी अगदी मापात बसते.

आणि सिंहगडच करतोयस तर एक सुचवते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची ती लढाई, त्यात ढाल तुटल्यावर तानाजींनी हाताला शेला गुंडाळून वार झेलले असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पुट्टीची पातळ पट्टी कापून डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत गुंडाळ, एक टोक लोंबतं सोड. बाजारात विकत मिळणार नाही असं चित्र होईल ते.

मी बाहेरून मागवलेली ग्रीन स्टफ वापरतो, निळी-पिवळी पट्टी येते ती. दोन दिवस झाले तरी काही ठिकाणी चिकट आणि मधेमधे कडक खडे. पट्टी जुनी असेल का?
(कोथरूड)

जुनी असू शकते, पण तुम्ही लिहिलेली लक्षणं मिसळण्यातल्या चुकीची आहेत. त्या पट्टीत निळा आणि पिवळा एकमेकांना चिकटून येतात ना, तर जिथे ते चिकटलेले असतात ती मधली रेघ पाकिटातच हळूहळू कडक होत असते. तुमचे खडे तिथून येतात. पट्टी कापली की मधला एक-दोन मिलिमीटरचा भाग ब्लेडने काढून टाकायचा, मग दोन्ही रंग सारखे घेऊन मळायचे. मळताना हिरवा दिसायला लागला की आपण थांबतो, ते चूक आहे, निळ्याची किंवा पिवळ्याची एकही शीर दिसता कामा नये, चार-पाच मिनिटं तरी मळा. चिकट राहिलेला भाग म्हणजे तिथे पिवळा जास्त गेलाय. मुद्दाम थोडा पिवळा जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट होते, कापडासाठी बरी, थोडा निळा जास्त घेतला तर कडक होते आणि धार चांगली उतरते, पण हा खेळ हात बसल्यावर करायचा.

दुसरं म्हणजे हवा. पुट्टी वाळत नाही, तिच्यात रासायनिक क्रिया होऊन ती कडक होते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी काम करताना पुट्टी हातातच ओढायला लागते आणि डिसेंबरमधल्या रात्री तीच पुट्टी सकाळपर्यंत नखाने दबते. थंडीत टेबललॅम्पच्या बल्बखाली एक फूट अंतरावर ठेवा. ओव्हन, हेअर ड्रायर वगैरे नको, प्लास्टिक वाकेल. उन्हाळ्यात मळलेल्या गोळ्यातला अर्धा भाग प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, तो हळू कडक होतो. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे घरात कुणी खाण्याची वस्तू समजणार नाही.

या निमित्ताने एक सांगायचंय जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुट्टी हातात आली की लोक लगेच नाक-डोळे कोरायला बसतात, आणि दोन तासांनी तीच पुट्टी आता ऐकत नाही म्हणून तक्रार करतात. पुट्टीच्या तीन वेळा असतात. पहिली वीसेक मिनिटं चिकट वेळ, तेव्हा फक्त ती जागेवर दाबून बसवायची आणि ढोबळ आकार द्यायचा, बारीक काम केलंत तर ती अवजाराला चिकटून परत वर येते. मग येते कणकेची वेळ, अर्ध्या तासापासून तास-सव्वा तासापर्यंत, तेव्हा दाबलेली रेघ तशीच राहते, चेहरा, चुण्या, बोटं सगळं तेव्हा. आणि त्यानंतर चामड्याची वेळ, तेव्हा नवीन काही करायचं नाही, फक्त कडा धारदार करायच्या, जास्तीची पट्टी ब्लेडने कापायची. ही मिनिटं ग्रीन स्टफची आणि पुण्यातल्या साधारण हवेतली आहेत, एम-सील घ्याल तर सगळं याहून लवकर होतं. वेळ ओळखायची कशी, तर मळलेल्या पुट्टीतून वाटाण्याएवढी एक गोळी बाजूला काढून ठेवा आणि दर वेळी चित्राला बोट लावायच्या ऐवजी त्या गोळीला नख लावून बघा. माझ्या टेबलावर अशी गोळी नसेल तर मी कामाला बसतच नाही.

भिंतीला लावायची पुट्टी घरात उरलीये, ती चालेल का?
(हडपसर)

नाही. तीही पुट्टी आणि हीही पुट्टी, पण नाव सोडलं तर दोघींचा काही संबंध नाही. भिंतीची पुट्टी पांढऱ्या सिमेंटची असते, प्लास्टिकवर ती धरत नाही आणि बारीक हातावर लावली की तडकून पडते. पीओपीचं पण तेच. उरलेली पुट्टी किल्ल्याच्या वाड्याला, तटाला लावा, तिथे ती छान दिसते.

तुम्ही ग्रीन स्टफ, मिलिपुट, एम-सील अशी तीन नावं लिहिलीत. नेमकी कुठली घेऊ? ग्रीन स्टफ मला परवडत नाही.
(नाशिक, आणि असंच विचारणारे आणखी बरेच)

परवडत नसेल तर एम-सील घ्या आणि मनात काही आणू नका. ती पाइपची गळती बुजवायला बनवलेली आहे, त्यामुळे तिच्याकडून चेहऱ्यावरच्या मिशीची अपेक्षा करू नका, पोत जरा भरड असतो आणि कणकेची वेळ लहान असते. पण सांगाड्यावर मांस चढवायला, घोड्याची मान जाड करायला, बुंधे, दगड, चौथरे करायला ती उत्तम आहे आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते. कडक झाल्यावर पॉलिश पेपरने घासता येते.

मिलिपुट १९६८ पासून वेल्समध्ये बनते, तीन-चार तासांत कडक होते आणि तिचा मोठा गुण म्हणजे ओल्या बोटाने किंवा ब्रशने ती इतकी गुळगुळीत होते की जोड कुठे होता ते सापडत नाही. पूर्ण कडक झाली की दगडासारखी, घासा, कोरा, भोक पाडा. फक्त पातळ पट्टी केलीत तर मोडते. ग्रीन स्टफचं उलट, ती कडक झाल्यावरही रबरासारखी जरा लवते, त्यामुळे लोंबता शेला, लगाम, पट्टे तिचेच करावेत, पण पॉलिश पेपर तिच्यावर चालत नाही, तंतू निघतात. म्हणून बरेच जण मिलिपुट आणि ग्रीन स्टफ आधी वेगवेगळ्या मळतात आणि मग अर्धी-अर्धी एकत्र करतात, मीही तेच करते. पैसे कमी असतील तर आतलं सगळं एम-सीलने करा आणि वरचा एक मिलिमीटर महाग पुट्टीचा. एक छोटी पट्टी तशी दोन दिवाळ्या पुरते.

अवजारांवर पैसे घालवू नका. टूथपिक, जाड सुई लाकडी मुठीत बसवलेली, जुना बारीक ब्रश, आणि ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे टाकून द्यायला काढलेली अवजारं असतील तर ती मागून घ्या आणि उकळून वापरा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांबरोबर चित्रांवर अंगरखे आणि पागोटी करतोय, पण कपडे जाड गोधडीसारखे दिसतात आणि पागोटं म्हणजे डोक्यावर जिलबी ठेवल्यासारखं. कपडा कपड्यासारखा कधी दिसेल?
(सातारा)

मॅडम, तुमचा गोधडी शब्द अगदी मापात बसलाय. तुमचं अडीच इंची चित्र सव्वीसाव्या हिश्श्याचं धरलं तर त्यावर एक मिलिमीटर जाडीची पुट्टी म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावर अडीच सेंटिमीटर जाडीचा कपडा. एक मिलिमीटर आपल्याला काहीच वाटत नाही पण चित्राच्या दृष्टीने ती खरंच गोधडी आहे. म्हणून अंगासरशी जो कपडा आहे तो वरून चढवायचाच नाही, आधी चित्राचं अंग तेवढं कानशीने उतरवायचं आणि मग पातळ थर द्यायचा. मुलांना हे पहिल्यांदा पटत नाही, आधी काढायचं आणि मग घालायचं, पण एकदा शेजारी शेजारी दोन चित्रं करून दाखवा.

सुट्टा लोंबणारा कपडा, म्हणजे शेला, उपरणं, अंगरख्याचा घेर, त्याची पोळी लाटायची. दुधाच्या पिशवीचे दोन तुकडे स्वच्छ धुऊन पुसून घ्या, आतल्या बाजूला टाल्कम पावडर चोळा, मधे पुट्टीची गोळी ठेवून बाटलीने लाटा, होईल तेवढी पातळ. आणि लगेच उचलू नका. वीस-पंचवीस मिनिटं थांबा, चिकट वेळ जाऊ द्या, मग ओल्या ब्लेडने पट्टी कापून उचला, ती कापडासारखी वाकेल आणि फाटणार नाही. चुण्या अवजाराने कोरण्यापेक्षा पट्टी दोन बोटांत धरून खरोखरची चुणी पाडा आणि मग चिकटवा.

चुण्या कुठे पडतात हे पुट्टीत नाही, माणसांत बघा. कपडा कुठून तरी लटकतो आणि कुठेतरी ताणला जातो, सगळ्या चुण्या त्या दोन ठिकाणांमध्ये पळतात. चोरण्यात गुडघ्यापासून मांडीच्या सांध्याकडे, अंगरख्यात कमरेच्या शेल्यापासून वर छातीकडे आणि खाली घेराकडे. मुलांना एक टॉवेल खुर्चीवर टाकून त्याचं रेखाचित्र काढायला सांगा, तास वाया जाणार नाही. आणि सगळ्या चुण्या सारख्या अंतरावर, सारख्या खोल पाडू नका, एक खोल, दोन उथळ, मधे एक सपाट जागा, तिथे डोळा टेकतो.

आता मुंडासं. जिलबी होते कारण आपण पुट्टीची एक लांब गोल दोरी करून वेटोळं घालतो. मी काय करते ते सांगते, परवा रात्रीच एक केलं. आधी डोकं भुवयांच्या वर सपाट कापलं आणि त्यावर हरभऱ्याएवढी पुट्टीची गोळी बसवून, मागे जरा उतरती करून रात्रभर सोडली. दुसऱ्या दिवशी त्या कडक गोळीवर काम. पातळ पोळीतून तीन मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीला लांबीच्या दिशेने सुईने चार-पाच रेघा ओढल्या, एकमेकींना समांतर नाही, मधेच मिळणाऱ्या, कारण खरं कापड पिळलं की तसंच दिसतं. पहिली पट्टी उजव्या कानाच्या वरून सुरू करून कपाळावर तिरकी नेऊन डाव्या कानाच्या मागे, दुसरी उलट दिशेने, कपाळाच्या मधोमध दोन्ही एकमेकींवर चढतात. पाच पट्ट्यांत डोकं झाकलं. शेवटच्या पट्टीचं टोक मागे खोचलं आणि एक बारीक सोगा मानेवर सोडला. मग सुईचं टोक ओलं करून प्रत्येक पट्टीच्या कडेखाली घालून ती कड केसभर उचलली, तिथे सावली पडली आणि ते कापड झालं. एवढ्याला पाऊण तास लागला आणि त्यातली वीस मिनिटं मी फक्त पट्ट्या पिशवीवर पडू देऊन वाट बघत होते.

एक विनंती मात्र मनापासून. शिवकाळातल्या मावळ्याला पुणेरी पगडी घालू नका. ती खूप नंतरची, एकोणिसाव्या शतकातली मानतात. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन पण मिळालंय, आपल्याला तिचा अभिमान आहेच, पण तिची जागा मावळ्याच्या डोक्यावर नाही. मुलांना घेऊन पुण्याला आलात तर बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर म्युझियममध्ये नक्की जा, जुन्या वस्तू प्रत्यक्ष बघितल्या की काय किती जाड, किती वाकलेलं, हे हाताला कळतं, फोटोतून नाही कळत.

पुट्टीचं काम सुरू केल्यापासून बोटांच्या मधे खाज येते, लाल पुरळ उठतं. काम बंद केलं की जातं. क्रीम लावून चालू ठेवू का?
(चिंचवड)

चालू ठेवू नका, आजच थांबा, आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, दाखवताना पुट्टीचं पाकीट बरोबर न्या. इपॉक्सीतला रेझिन आणि हार्डनर, म्हणजे पुट्टीचे ते दोन भाग, दोन्हीची अॅलर्जी होऊ शकते आणि ती एकदा झाली की बहुतेक वेळा आयुष्यभर राहते, मग अगदी थोड्या पुट्टीनेही अंगावर उठतं. डॉक्टर काय म्हणतात त्यानंतरच पुढचं ठरवा.

बाकी सगळ्यांनी हे वाचून सोडून देऊ नका. मळताना नायट्राइलचे हातमोजे घालायचे, औषधांच्या दुकानात मिळतात. कच्ची पुट्टी लागलेल्या हाताने डोळे, तोंड चोळायचं नाही, काम झालं की साबणाने हात धुवायचे. पुट्टी मऊ राहावी म्हणून बोटाला थुंकी लावणारे मी बघितलेत, कृपा करून असं करू नका, वाटीत पाणी ठेवा. घासायचं ते पूर्ण कडक झाल्यावर, पॉलिश पेपर ओला करून आणि तोंडावर मास्क लावून. आणि पोळपाट-लाटणं, स्वयंपाकघरातले चमचे या कामाला आणायचेच नाहीत, एकदा आणले तर ते परत आत न्यायचे नाहीत.

हातमोज्यांमुळे बोटांचे ठसे पडत नाहीत ना, असंही काहींनी विचारलंय. ठसे जातात पण मोज्याच्या सुरकुत्या उठतात. शेवटचा हात ओल्या ब्रशनेच फिरवायचा, कणकेची वेळ संपत आली की. व्हॅसलिन लावत असाल तर अगदी नावाला, आणि पुढचा थर किंवा रंग द्यायच्या आधी साबणाने धुऊन टाका, नाहीतर रंग सोलून निघतो आणि आपण रंगाला नावं ठेवतो.

मी बदललेला मावळा सगळ्यांना आवडला. त्याचा रबराचा साचा काढून विकले तर चालतील?
(पिंपरी)

तुम्ही विकत घेतलेलं चित्र बदललंत आणि तेच एक चित्र विकलंत तर काही अडचण दिसत नाही. पण साचा काढलात की आतला अर्धा मावळा दुसऱ्या कुणीतरी घडवलेला आहे, त्याचा चेहरा, त्याचे पाय. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृतीच धरली आहे. तुमच्यात एवढं कसब आहे तर तारेचा सांगाडा घेऊन पायापासून स्वतःचा मावळा करा आणि मग त्याचा साचा काढा. सहा महिने लागतील, पण तो पूर्ण तुमचा असेल.

माझं वय ७४. वडिलांनी लहानपणी कुंभारवाड्यातून आणून दिलेला मातीचा घोडेस्वार आहे. यंदा माळ्यावरून काढताना घोड्याचा पुढचा पाय गुडघ्यातून तुटला, तुकड्याचा चुरा झाला. हे तुमच्या पुट्टीने होईल का? नातीला तो किल्ल्यावर ठेवायचाय.
(कसबा पेठ)

काका, होईल, पण तुम्हाला घाई अजिबात करायची नाहीये. आधी तुटलेल्या जागी आतली माती बघा. लाल आणि टणक असेल तर ती भाजलेली आहे. राखाडी किंवा पिवळट असेल आणि नख लावल्यावर भुगा पडत असेल तर कच्ची असायची शक्यता, तिथे टाचणीच्या टोकाने पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा, चिखल झाला तर कच्चीच. पांढरीशुभ्र असेल तर पीओपी. भाजलेली असेल तर काळजी नाही. कच्ची असेल तर या घोड्याला पाणी लागू द्यायचं नाही, ओला ब्रश नाही, धुणं नाही, फक्त कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका.

मग तुटलेल्या कडेवर फेविक्विकचा एक थेंब सोडा आणि मुरू द्या, भुसभुशीत कड घट्ट होते. तासाभराने त्यात भोक. इथे ड्रिल जोरात चालवू नका, हातानेच, एका वेळी अर्धा वळसा, मागे घ्या, माती फुंका, परत अर्धा वळसा. तीन मिलिमीटर गेलं तरी पुरे. पाय बारीक असेल आणि भीती वाटत असेल तर भोक पाडूच नका, तारेचं टोक पायाच्या आतल्या बाजूने, जिकडून दिसत नाही तिकडून, वर पोटापर्यंत नेऊन तिथे पुट्टीने धरा. तारेचं खालचं टोक खुरातून खाली येऊ द्या आणि पाट असेल तर त्यात रोवा, नसेल तर लाकडाच्या फळीचा तुकडा घ्या, कारण स्वाराचं वजन नव्या पायावर यायला नको, ते तारेतून खाली फळीत गेलं पाहिजे.

पाय कसा करायचा हे शोधायला लांब जायला नको, दुसरा पुढचा पाय आहेच. त्याची लांबी, गुडघ्याची जाडी दोऱ्याने मोजा. त्या काळच्या कारागिराने पाय खरा घोडा बघून नाही, बोटांनी दोन चिमट्यांत केला असेल, तेव्हा तुम्हीही तो शरीरशास्त्राप्रमाणे सुबक करायला जाऊ नका, शेजारच्या पायासारखा साधा, जरा जाडा ठेवा. मिलिपुट टेराकोटाच्या रंगात पण मिळते, ती मिळाली तर रंगाचं अर्धं काम होतं. एका दिवशी आतला थर, दुसऱ्या दिवशी वरचा. कच्ची माती असेल तर अवजार ओलं करण्याऐवजी त्याला टाल्कम पावडर लावा.

रंग फक्त नव्या पायाला द्या. नातीला सगळा घोडा चकचकीत रंगवावासा वाटेल, तिला दुसरं नवं चित्र आणून द्या, या घोड्यावरचा उडालेला रंग तुमच्या वडिलांनी हातात घेतला तेव्हाचा आहे. पोस्टर कलरच्या दोन-तीन छटा कागदावर लावून, पूर्ण वाळल्यावर जुन्या पायाशेजारी धरून बघा, ओला रंग नेहमी गडद दिसतो.

आणि पुट्टी कडक होईपर्यंत घोडा उभा करायचा नाही. एका मोठ्या वाडग्यात तांदूळ घ्या, वर कागद घाला, त्यात घोडा आडवा रुतवा, नवा पाय वर येईल असा, आणि २४ तास कुणालाही हात लावू देऊ नका. ते तांदूळ नंतर पक्ष्यांना सुद्धा घालू नका, टाकून द्या. घोडा उभा राहिला की फोटो पाठवा काका, स्वाराच्या हातात भाला आहे की लगाम ते तुम्ही लिहिलंच नाहीत.